सांगोरोनं मांडलेलं घर

कोबारेच्या टेकडीवर सरकारने शिक्षकांचं कॉलेज काढलं तेव्हा तिथे पत्र्याच्या दोन लांबलचक इमारती होत्या, एक पाण्याची टाकी होती आणि प्राचार्य किलोन्झो होते. टाकीत पाणी नव्हतं. किलोन्झो दूर मचाकोसकडचे, कांबा जमातीचे. आम्हा लुओंची भाषा त्यांना येत असे, म्हणजे ऐकणाऱ्याची करमणूक होईल इतपत येत असे. मी सेमे गावाहून तिथे गणित शिकवायला आले. शिक्षकांत मी एकटीच बाई, म्हणून मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली. वसतिगृह तयार होतं, खाटा होत्या, दाराचं कुलूपसुद्धा नवं कोरं होतं. मुली मात्र नव्हत्या.

मुलींचे अर्जच येईनात. लोकांना कॉलेज कळत होतं, शिक्षक होणं कळत होतं. पण वयात आलेल्या मुली आणि मुलगे एकाच कुंपणाच्या आत झोपणार आणि सरकार त्यांना वर जेवूही घालणार, यात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसत होतं. पुढच्या वर्षीपर्यंत मुली मिळाल्या नाहीत तर हे फक्त मुलांचं कॉलेज करून टाकू, असं राजधानीतून सांगणं आलं. किलोन्झो डोकं धरून बसले. मलाही गाशा गुंडाळावा लागला असता, तेव्हा माझीही झोप उडाली होती.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं सांगोरोने.

टेकडी मुळात सांगोरोचीच. त्याने ती कॉलेजला दिली होती. आम्ही सगळे त्याला जादुओंग म्हणायचो, आमच्याकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. पण गावात त्याच्या पाठीमागे हे म्हणताना लोक किंचित हसायचे. कारण माणूस केस पिकल्याने जादुओंग होत नाही, स्वतःचं घर मांडल्याने होतो. बापाच्या कुंपणातून बाहेर पडायचं, नवीन जागेवर पहाटे जायचं, पुढे थोरला मुलगा कुऱ्हाड घेऊन, मागे बायको विस्तव घेऊन, स्वतःच्या काखेत कोंबडा. त्याच दिवसात झोपडी उभी करायची आणि तिथेच झोपायचं. सांगोरोचा एकुलता एक मुलगा मासे धरायला तळ्यात गेला तो परत आला नाही. पुढे मूल झालं नाही. कुऱ्हाड धरायला कोणी नाही म्हणून घरही नाही. बापाचं घर रिवाजाप्रमाणे धाकट्या भावाकडे गेलं आणि सांगोरो आपल्याच धाकट्या भावाच्या कुंपणात आश्रितासारखा राहिला. भावजय वाढताना आधी आपल्या नवऱ्याला वाढायची.

टेकडी देताना त्याने एकच अट घातली होती. "तिथे घर मी मांडणार."

किलोन्झोंना वाटलं, फीत कापायची असेल. ते हो म्हणाले.

मुलगा कुठून आणायचा, तर कॉलेजात सगळ्यांत आधी ज्याचं नाव लागलं त्याला सांगोरोने मुलगा केलं. तो झाबलोन. यिम्बोकडच्या एका कोळ्याचा पोरगा, उंच, हडकुळा, विचारल्याशिवाय न बोलणारा. पहाटे धुक्यात झाबलोन कुऱ्हाड खांद्यावर घेऊन टेकडी चढला. त्याच्यामागे सांगोरो, कोंबड्याला छातीशी धरून. त्याच्यामागे दोर्का, त्याची बायको, खापरीतला विस्तव फुंकत आणि वाटेतल्या दगडांना शिव्या घालत. आम्ही सगळे हातभार लावायला गेलो. दिवस मावळायच्या आत कॉलेजच्या फाटकासमोर, जरा वरच्या अंगाला, गवती छपराची झोपडी उभी राहिली आणि तिच्या शेंड्यावर घरधन्याची काठी.

"कोंबडा कधी शिजणार?" किलोन्झोंनी मला हळूच विचारलं.

"तो शिजणार नाही, सर. तो राहायला आलाय."

मग सांगोरो फाटकात उभा राहिला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण त्या दिवशी तो खालच्या बाजारापर्यंत गेला असेल. "या कुंपणाच्या आत जो झोपेल, जी झोपेल, ते माझं लेकरू. हा माझा थोरला. बाकीचे याच्या पाठचे." जमलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण हसलं कोणी नाही. पाठच्या भावाच्या ताटाखाली आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं देऊन टाकायला कोणाचं काय जात होतं?

त्यानंतर मुलींसाठी सांगोरो आणि मी गावोगाव फिरलो. मी आपली पगार, नोकरी, देश वगैरे सांगायचे. बाप लोक माझं ऐकून घ्यायचे आणि सांगोरोकडे बघायचे. तो म्हणायचा, "मी तुझी मुलगी कॉलेजात नेत नाहीये. मी तिला घरी नेतोय. तिथे तिचे भाऊ आहेत. कोणी तिच्याकडे वाकडी नजर केली तर ते पाप माझ्या अंगणात पडेल." एवढ्यावर बाप उठायचे आणि मुलीला हाक मारायचे. माझ्या पदवीचा तिथे कोणाला काडीचा उपयोग नव्हता, याचा मला रागही यायचा. पेनिना अशीच आली. तिचा बाप वारलेला, मोठा चुलता ओबिएरो तिचं सगळं बघत होता. ओबिएरोने सांगोरोसाठी कोंबडी कापली आणि जेवणं झाल्यावर म्हणाला, "तुम्ही बाप म्हणताय म्हणून देतोय, जादुओंग. सरकारला दिली नसती."

ती दोन वर्षं चांगली गेली. खरं सांगायचं तर मी त्याहून चांगली वर्षं पाहिली नाहीत. खिडक्या आल्या, टाकीत पाणी आलं, फळ्याला काळा रंग लागला. सांगोरो सकाळी काठी टेकत सगळीकडे फिरायचा. स्वयंपाकघरात जाऊन मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीला बोट लावून बघायचा आणि स्वयंपाक्याला म्हणायचा, "ही पोरांना खायला केलीस की भिंत बांधायला?" मुलं भांडली की त्याच्याकडे जायची, किलोन्झोंकडे नाही. किलोन्झो कुरकुरायचे, "प्राचार्य मी आहे की तो आहे?" मी म्हणायचे, "तुम्ही प्राचार्य, तो बाप. तुमची बदली होते." झाबलोन दर सुट्टीआधी त्याचं छप्पर शाकारून द्यायचा. त्याला बाबा म्हणायचा. दोर्का थोरल्याचं जेवण वेगळं झाकून ठेवायची आणि तो न जेवता गेला तर रुसायची.

आता पुढचं काय झालं ते कोणीही ओळखेल. झाबलोन आणि पेनिना गणिताच्या तासाला शेजारी बसू लागले. पेनिनाचं गणित उत्तम. झाबलोनचं बेताचं. तरी शंका नेहमी पेनिनालाच यायच्या आणि त्या झाबलोनलाच विचारायच्या असायच्या. मी काय, डोळे मिटून फळ्यावर लिहीत होते थोडीच. पण मी काही बोलले नाही. दोघं सज्जन होती, दोघांनी मर्यादा सोडली नव्हती, आणि त्या वयात लग्न ठरवायचं नाही तर कधी ठरवायचं? झाबलोनचं कूळ वेगळं, पेनिनाचं वेगळं, आईकडूनही कुठे नातं लागत नव्हतं. मला वाटलं, सगळं सुरळीत होणार.

दोघं शिक्षक होऊन बाहेर पडली. झाबलोनने आपली माणसं रीतसर ओबिएरोकडे पाठवली. ओबिएरोने त्यांना बसवलं, जेवू घातलं, आणि नाही म्हणून सांगितलं.

पेनिना माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते, पण आवाज बसला होता.

"काका म्हणतात, भावाशी लग्न होत नाही."

"कोण भाऊ?"

"झाबलोन. ते म्हणतात, एका बापाने तुम्हाला एका घरात झोपवलं, मी स्वतः तुला मुलगी म्हणून दिली. तो तर थोरला. कुऱ्हाड त्याने धरली होती."

मला हसू आलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि ते जिरलं.

"रक्ताचं नातं कुठे आहे गं? तुला मी शाळेतल्या पोरांना काय शिकवायला पाठवलंय?"

"मॅडम, मला कळतं. माझ्या आईला कळत नाही. उद्या माझ्या बाळाला साधा ताप आला तरी लोक आईकडे बघतील. म्हणतील, भावंडांचं लग्न लावलं, शाप लागला, आता पोर झिजणार. आणि पोरं तर आजारी पडतातच ना."

"झाबलोन काय म्हणतो?"

"पळून जाऊ म्हणतो. मी नाही जाणार. पळालं की गावाबाहेर जाता येतं, पण आईला मागे ठेवूनच जावं लागतं." तिने डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "काकांनी हो म्हटलं तरच. नाहीतर मी नाही करणार. त्यालाही सांगितलंय."

मी किलोन्झोंना घेऊन ओबिएरोकडे गेले. त्याने आम्हाला दुधाचे पेले दिले. भला माणूस होता, तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं.

"मुलगा मला आवडतो," ओबिएरो म्हणाला. "माझ्याच मुलीसाठी शोधत असतो तर असाच शोधला असता. पण भाऊ आहे."

"तो भाऊ नाही," किलोन्झो म्हणाले. "तो विद्यार्थी. ती विद्यार्थी. कॉलेज सरकारचं."

"सर, कॉलेज सरकारचं होतं तेव्हा तुम्हाला एक तरी मुलगी मिळाली का?"

किलोन्झो दूध प्यायले.

"माझ्याकडे जादुओंग आला होता," ओबिएरो पुढे म्हणाला, "आणि ही सेमेची लेक त्याच्या शेजारी बसली होती. ही तेव्हा नाही म्हणाली, की बाबा रे, हे खरं घर नाही? मुली हव्या होत्या तेव्हा भावंडं. लग्न हवं तेव्हा विद्यार्थी. तुम्ही शिकलेली माणसं गरजेप्रमाणे नाती पालटता, आम्हाला तसं जमत नाही."

मी म्हटलं, "ते मुलाशिवाय मांडलेलं घर होतं, काका. सगळ्यांना माहीत होतं."

"माहीत होतं. पण कोणी म्हटलं नाही. त्याच्या झोपडीच्या शेंड्यावर घरधन्याची काठी उभी आहे की नाही? ती काठी फक्त स्वतःचं घर असलेल्या माणसाच्या छपरावर असते आणि तो मेला की निघते. दोन वर्षं गावातला प्रत्येक माणूस ती खालून बघत गेला. मग घर नाही कसं म्हणू? त्याने स्वतः म्हणावं. मी कोण म्हणणारा?"

तिथून आम्ही थेट सांगोरोकडे गेलो. तो झोपडीसमोर बसून दोरी वळत होता. दोर्का आत चुलीशी होती. त्याला सगळं कळलेलं होतंच.

किलोन्झोंनी घसा साफ केला. "जादुओंग, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तो एक कार्यक्रम होता."

"कार्यक्रम म्हणजे?"

"म्हणजे भाषण, नाच, जेवण."

"मी नाचलो होतो?"

"नाही."

"मग?"

"कोंबडा कधी शिजणार विचारणारे हेच ना?" दोर्का आतून म्हणाली. "यांच्यासाठी कार्यक्रमच होता."

सांगोरो दोरी वळतच राहिला. मग त्याने विचारलं, "पोरगी रडते का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याहून वाईट. ती शांत आहे."

"आणि हा?"

"झाबलोन तुमच्याकडे आला नाही?"

"आला होता. छप्पर बघितलं. गळत नाही म्हणाला. अर्धा दिवस बसला आणि गेला. काही मागितलं नाही." त्याने दोरी मांडीवर ठेवली. "मागितलं असतं तर मी रागावलो असतो. तेवढं तरी त्याने मला करू द्यायला हवं होतं."

मग तो आम्हाला नाही, दोर्काला सांगितल्यासारखं, दाराकडे तोंड करून म्हणाला, "एक वाट आहे. घर मांडलंच गेलं नाही, असं म्हणायचं. कुऱ्हाड ज्याने धरली तो माझा मुलगा नव्हता. मुलगा नाही तर घर नाही. घर नाही तर कोणी कोणाचा भाऊ नाही."

"मग झालं की," किलोन्झो खूश होऊन म्हणाले. "किती सोपं आहे."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. आत चुलीवरचं भांडं दोर्काने जोरात खाली ठेवलं.

परतताना किलोन्झोंनी विचारलं, "माझा पाय का चेचलात?"

मी सांगितलं. घर मांडलंच गेलं नाही म्हटलं की सांगोरोला त्या झोपडीत राहता येणार नाही. त्याने पुन्हा भावाच्या कुंपणात जायचं, भावजयीच्या हातचं शेवटी वाढलेलं खायचं. मेल्यावर घरधन्यासारखं घराच्या उजव्या अंगाला नाही, तर कुठेतरी कडेला, घर नसलेल्या माणसाला पुरतात तसं पुरलं जायचं. आणि हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, ज्यांनी दोन वर्षं तोंड मिटून ठेवलं त्या म्हाताऱ्यांसमोर मागून घ्यायचं.

किलोन्झो रस्त्यात थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग आपण त्याला सांगायला नको होतं."

"ती वाट आपण नाही सांगितली. त्यानेच सांगितली."

"आणि पुढच्या वर्षीच्या मुली?"

हेही त्यांच्या मनात आलं म्हणून मला त्यांचा राग आला, पण त्यांची भीती खोटी नव्हती. सांगोरोचा शब्द उठला तसं पुढल्या वर्षी मुली निम्म्याच आल्या. वसतिगृह पुन्हा भरायला फार काळ लागला, आणि ते पगाराच्या, नोकरीच्या जोरावर, एकेक मुलगी शिक्षक होऊन गावी गेल्यावर. तेव्हा वाटेत मी एवढंच म्हटलं, "सर, ते आपण बघू. आपल्याला पगार त्याचाच मिळतो."

आठवड्याभरात सांगोरोने माणसं बोलावली. कॉलेजच्या आवारात, मोठ्या झाडाखाली. गावचे म्हातारे आले, ओबिएरो आपल्या भावकीला घेऊन आला, सांगोरोचा धाकटा भाऊ आला आणि मागच्या बाजूला बसला. यिम्बोहून झाबलोनचा बाप आला, अंगाला माशांचा वास असलेला, अवघडलेला माणूस. पेनिना बायकांत बसली होती. झाबलोन उभाच होता. मी वर्ग सोडून दिला होता, तरी पोरं खिडक्यांत दाटी करून होती.

सांगोरोने आपली लाकडी खुर्ची झोपडीतून आणवली आणि तीत बसला. मग काहीतरी आठवल्यासारखा उठला आणि जमिनीवर बसला. खुर्ची तशीच रिकामी राहिली. घरधन्याची खुर्ची होती ती.

ओबिएरो म्हणाला, "जादुओंग, मी तुमच्याशी वैर करायला आलो नाही."

"माहीत आहे. विचार."

"हे घर तुम्ही मांडलं का?"

"नाही. मी मुलांना ठेवायला जागा दिली. एक झोपडी बांधली. घर मांडलं असं मला वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला काहीही वाटतं."

"कुऱ्हाड कोणी धरली होती?"

"एका पोराने."

"हा?" ओबिएरोने झाबलोनकडे बोट केलं. "हा मुलगा तुमचा कोण?"

झाबलोन मान खाली घालून उभा होता. सांगोरोने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो आता नुसती मान हलवेल आणि तेवढ्यावर भागेल. किती जणांनी तेवढ्यावर भागवलं असतं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," एक म्हातारा म्हणाला. त्या म्हाताऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

"कोणी नाही," सांगोरो मोठ्याने म्हणाला. "यिम्बोच्या कोळ्याचा मुलगा आहे. तो बसलाय त्याचा बाप. इथे शिकायला आला होता, शिकला, गेला. ती पोरगी ओबिएरोची पुतणी. तीही शिकायला आली होती. मला मुलगा नाही, मला मुलगी नाही. मी घर मांडलेलं नाही."

ओबिएरोने डोळे मिटले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मग काठी?"

काठी काढायला कोणी उठेना. आमच्यातला कोणता माणूस जित्या माणसाच्या छपरावरची काठी उपटेल? धाकटा भाऊ जमिनीकडे बघत बसला. झाबलोनला तर हात लावता येत नव्हता. मुलाचं काम मुलाने केलं तर सगळंच फुकट गेलं असतं. शेवटी किलोन्झो उठले. कोट काढून माझ्या हातात दिला. "मी कांबा आहे," ते म्हणाले, "मला याचं काही बाधत नाही." शिडी लावून ते चढले. गवतात पाय घसरला, विजार गुडघ्यावर टरकली. पोरांनी खिडकीत हुं की चूं केलं नाही. त्यांनी काठी ओढून काढली आणि खाली येऊन ती हातात धरून उभे राहिले, आता हिचं काय करू असं तोंड करून. दोर्का पुढे आली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली.

"चुलीला होईल," ती म्हणाली.

ओबिएरो उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुलगी द्यायला माझी हरकत नाही. देजाच्या गुरांचं बोलणं करायला तुमची माणसं कधीही येऊ द्या." बायकांनी आनंदाचा आवाज काढायचा असतो, त्यांनी तो काढला, पण जरा उशिराच. पेनिना आईच्या खांद्यात तोंड लपवून रडत होती. इतके दिवस रडली नव्हती ती. मी आनंदात होते आणि मला कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

लोक पांगले. सांगोरोचा भाऊ पुढे झाला आणि दोर्काच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं चढवू लागला. घोंगड्या त्याने स्वतः घेतल्या. त्या दिवशी तो नीट वागला, हे सांगायला हवं. आता फक्त खुर्ची राहिली होती, झाडाखाली. जुन्या लाकडाची, जड. झाबलोन गेला आणि त्याने ती उचलली.

"ठेव ती खाली," सांगोरो म्हणाला.

"टेकडी उताराची आहे, बा..." झाबलोन बोलता बोलता थांबला.

"लोक बघतायत. ओबिएरो अजून फाटकात आहे. ठेव."

झाबलोनने खुर्ची खाली ठेवली. मी पुढे झाले, तर म्हातारा मलाही नको म्हणाला. त्याने खुर्ची पाठीवर घेतली, हात मागे वळवून तिचे पाय धरले, आणि फाटकातून बाहेर पडून टेकडी उतरू लागला. झाबलोन त्याच्यामागे निघाला. जवळून नाही. त्याच वाटेने कोणी तिऱ्हाईत आपल्या कामाला चालला असेल तर जेवढं अंतर ठेवील तेवढं ठेवून. मी फाटकात उभी राहून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं, आवरावं असंही वाटत नव्हतं. म्हातारा दमला की वाटेच्या कडेला खुर्ची मांडायचा आणि तीत बसायचा. तो बसला की झाबलोनही मागे थांबायचा, हात रिकामे, तळ्याकडे तोंड करून, तो उठेपर्यंत.